वळणापलीकडचं ऊन

माझ्या निम्म्या गोष्टी थापा असतात, हे अख्ख्या कुर्ना गावाला ठाऊक आहे. ही उरलेल्या निम्म्यातली.

आमच्या डोंगरातल्या हजारो वर्षं जुन्या, चित्रांनी भरलेल्या थडग्यात वीज नाही. बघायला येणाऱ्यांसाठी मी दाराशी बसून आरशाने ऊन आत सोडतो. आतल्या वळणावर माझा जोडीदार तय्यिब ते चंदेरी कागद लावलेल्या फळीवर झेलतो आणि चित्रांवर टाकतो. झेलणारा नसेल, तर वळणापुढे मिट्ट काळोख.

त्या दुपारी तय्यिब आत जाईना. म्हणाला, "आत कुणीतरी माझ्या हातातली फळी ओढतंय."

"तुझ्या हातातलं काही ओढायला तुझी बायको पुरेशी आहे की," मी म्हणालो. तो हसला नाही.

तेवढ्यात नदी ओलांडून अलेक्झांड्रियाची एक मास्तरीण आली, एकटीच.

"आत उजेड धरायला माणूस आहे ना, काका?"

"आहे की, लेकी," मी ठोकून दिलं. वाटलं, तय्यिब जाईल मागोमाग. ती आत गेली, पण तो फळी मांडीवर घेऊन बसूनच राहिला.

जरा वेळाने आतून तिचा आवाज आला, "आता ती भिंतीवरची बदकं दाखवा ना." मग, "वा, काय रंग आहेत!"

तय्यिबने माझ्याकडे पाहिलं. फळी त्याच्या मांडीवरच होती, वर चहाचा पेला.

मी आरसा हळूच वाळूत पालथा घातला आणि हाक मारली, "लेकी, बाहेर ये बरं."

"आले, काका," ती आतून शांतपणे म्हणाली. "पण तुमच्या माणसाला सांगा, माझा हात सोडला तरी चालेल. उजेड गेला, तरी आता मला छान दिसतंय."