घर अगदी शांत असतं

मागच्या मुलाखतीत तान्ह्या बाळाचा विषय निघाला आणि हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. म्हणून या वेळी लॅपटॉपसमोर बसण्याआधी संचिताने पाळणा सोडून माळ्यावर टाकला, दांडीवरची दुपटी काढली.

"तू बिनघोर बस गो. मी तेका घेवन माडात जातंय," म्हणत सासूबाई नातवाला खांद्यावर टाकून बाहेर पडल्या.

पडद्यावर पुण्याच्या मॅडम आल्या. अंगात कोट, मागे पुस्तकांचं कपाट आणि बोलणं अगदी तोलूनमापून. जिभेवर येणारी मालवणी गिळत संचिताही आठवडाभर घोटलेल्या शुद्ध मराठीत उत्तरं देत राहिली.

"काम घरूनच करायचं आहे. घरात काही व्यत्यय?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. घर अगदी शांत असतं."

तिचं वाक्य पुरं होतंय तोच बाळाने टाहो फोडला.

संचिताला वाटलं, ही नोकरीही गेली! रडणं थांबेना, उलट वाढतच चाललं. तिने घाबरून खिडकीबाहेर पाहिलं, तर सासूबाई माडाच्या सावलीत निवांत बसलेल्या आणि बाळ त्यांच्या मांडीवर गाढ झोपलेलं.

तिने चमकून पडद्याकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा लालबुंद झाला होता. मान मागे वळवून त्या ओरडल्या,

 

"गो आये, पोराक जरा भायर ने मगे!"