साठ थरांची काच

वसंताने तिसऱ्यांदा साबण लावला. उकव्याच्या खाणीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी मँगनीजच्या काळ्या धुळीने तळहाताच्या रेषा सोडल्या नव्हत्या.

"कातडं काढता काय आता?" त्याची बायको ललिता चुलीजवळून म्हणाली.

"छापील कागद आहे. डाग नाही पडला पाहिजे."

संघमित्रा सकाळीच नागपूरहून आली होती. पोरीचं संशोधन विलायतेच्या मासिकात छापून आलं, हे त्याने अख्ख्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं. रविवारी विहारात वंदना झाली की कागद उघडून तिचं नाव दाखवायचं. पेढेही सांगितले होते.

तिने आधी काचेची एक पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"सेलले कसे प्लस-मायनस असते, तशा साखळ्या असतात, बाबा. डोळ्याले न दिसणाऱ्या. एका भांड्यात प्लसच्या, दुसऱ्यात मायनसच्या." मग दळताना ओवी म्हणावी तशी ती सांगत गेली. "इकडे बुडवा, धुवा. तिकडे बुडवा, धुवा. एकीले दुसरी धरते. असे साठ थर."

"अन् हे पिवळं काय दिसून राह्यलं?"

"फक्त पहिल्या थराले रंग दिलता मी. आमचे गाईड सर म्हणत, जो थर जिथं बसला, तिथंच राहते. मी पाह्यलं, तं पिवळा साठाव्या थरात. सगळ्यात खालच्या साखळ्या सरकत सरकत वर गेलत्या."

"हे तं मी विहारात सांगतोच," वसंता हसला आणि त्याने कागद मागितला.

इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण खाणीच्या डब्यांवरून अक्षरं ओळखू यायची. संघमित्राचा एस, सापासारखा. मथळ्याखाली दोनच नावं होती. बोट दोन्हींवरून फिरलं. साप दिसला नाही.

"हे पयलं सरांचं असन. दुसरं कोनाचं?"

"अनयचं. सरांचा भाचा. दिवाळीच्या सुट्टीत आलता. काचेचे फोटो काढले त्यानं."

"अन् तुयं?"

तिने पानं उलटली. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत एक ओळ. तिने नखाने दाखवली.

"काय लिवलं?"

"काचा बुडवून दिल्याबद्दल आभार."

ललिताने फुंकणी खाली ठेवली. वसंताने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तू तं म्हणत होती, खालचं वर येते."

"काचेवर येते, बाबा."

त्याने कागदाची घडी घातली आणि तिला परत दिला. मग मोरीवर जाऊन साबण उचलला आणि पुन्हा हात धुऊ लागला.

या खेपेला ललिताने उठून त्याच्या हातांवर पाणी ओतलं.