चिकटपट्टीचा 'क'

"अहो सिस्टर, हा 'क' कुठे लपलाय हो?"

शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी विचारलं तेव्हा नर्सच्या पांढऱ्या गणवेशातच आलेल्या सिस्टर स्वतःच माउसशी झटत होत्या. पडद्यावरचा बाण कधी वरच्या कोपऱ्यात पळायचा, कधी गायबच व्हायचा. कॉम्प्युटर क्लासचा पहिलाच दिवस. आजूबाजूला कॉलेजातली पोरं खडाखडा बोटं चालवत होती आणि उठून सरळ घर गाठावं, असं सिस्टरना मनापासून वाटत होतं.

"तुमच्या नाकासमोर तर आहे!" त्या खेकसल्या आणि वाकून दाखवला.

"अरेच्चा, खरंच की." आजोबांनी एक बोट उगारलं, हवेत घिरट्या घातल्या आणि भलतंच अक्षर दाबलं.

सिस्टरना हसू फुटलं. आपल्याहून ढ कोणीतरी आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या बसून राहिल्या.

तसं घरी जाऊन चालणारही नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी हॉस्पिटलातल्या नवजात बाळांच्या वॉर्डात काढली होती. नुसतं रडणं ऐकून त्या सांगायच्या, हे भुकेचं आहे की पोटदुखीचं. पण आता तिथल्या नोंदी कॉम्प्युटरवर जाणार होत्या आणि मेट्रनने स्पष्ट बजावलं होतं, "परीक्षा पास झालात तर वॉर्ड. नाहीतर चादरींचं स्टोअर." चादरी रडत नाहीत, हसत नाहीत, बोट धरत नाहीत. सिस्टरनी कंबर कसली.

ड्यूटी संपली की तडक क्लास. तिथल्या मॅडम एकदा सांगून पुढे जायच्या, त्यातलं निम्मं सिस्टरच्या डोक्यावरून जायचं आणि पुन्हा विचारायची लाज वाटायची. आजोबांना मात्र कसलीच लाज नव्हती. काल सिस्टर जिथे अडल्या, नेमकं तिथेच आज आजोबांचं घोडं पेंड खायचं. ते खुशाल हात वर करायचे. पोरांवर डाफरणाऱ्या मॅडम आजोबांवर कधी म्हणून चिडल्या नाहीत. वयाचा मान, दुसरं काय!

एवढं करून आजोबांना काही कळायचं नाही ते नाहीच. मग ते सिस्टरकडे वळायचे. "तुम्हीच सांगा बाई. तुम्ही सांगितलेलं समजतं."

झालं, सिस्टर हट्टाला पेटल्या. आजोबांपुढे फजिती नको म्हणून त्या घरी स्वयंपाक करता करता पुढचा धडा घोकू लागल्या.

"आजोबा, माउसचा गळा कशाला आवळताय? बाळाची मान धरतो तसा धरा. घट्ट नाही, नुसता आधार."

बोलता बोलता त्यांचं लक्ष स्वतःच्याच मुठीकडे गेलं. त्यांनी ती सैल केली. बाण शहाण्यासारखा सरळ चालू लागला.

एकदा त्यांचा कॉम्प्युटर मध्येच हँग झाला. त्या मॅडमना शोधायला बाहेर गेल्या आणि परत येतात तो सगळं सुरळीत.

"आपोआप झालं बघा," आजोबा म्हणाले. "मी हातसुद्धा लावला नाही."

"लावूही नका," सिस्टर म्हणाल्या.

'क' मात्र रोज हरवायचा. शेवटी सिस्टरनी वॉर्डातल्या चिकटपट्टीचा चिमुकला तुकडा आणला, त्यावर पेनाने ठसठशीत 'क' काढला आणि आजोबांच्या कीबोर्डवर त्या बटणावर चिकटवला. आजोबांनी त्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं हो," ते म्हणाले. सिस्टरना भरून आलं.

परीक्षेच्या दिवशी मेट्रन पाठीमागे उभी होती. बाळाचं वजन, जन्मवेळ, आईचं नाव भरून झालं आणि अचानक पान नाहीसं झालं. सिस्टरची मूठ माउसवर आवळली गेली.

"आजोबा, घाबरायचं नाही," त्या पुटपुटल्या. "पान कुठे पळत नाही. खालच्या पट्टीवर बघा. हं, आता दाबा."

पान परत आलं.

"कुणाशी बोलताय?" मेट्रनने विचारलं.

"माझ्या एका विद्यार्थ्याशी," सिस्टर म्हणाल्या.

वॉर्ड राहिला. त्या दिवशी त्यांनी एकूण एक बाळ उचलून घेतलं, झोपलेली धरून.

आता क्लासला जायचं काही कारण उरलं नव्हतं. पण बिचाऱ्या आजोबांना असं वाऱ्यावर सोडणं त्यांना पटेना. आजोबा शिकेपर्यंत आपण यायचं, मग कितीही दिवस लागोत, असं पक्कं ठरवून त्या संध्याकाळी क्लासवर पोचल्या. दार अर्धवट उघडं होतं.

त्यांच्या खुर्चीवर खाकी कपड्यातला एक आडदांड ड्रायव्हर घामाघूम होऊन बसला होता. त्याचा कॉम्प्युटर हँग झाला होता. वैतागून तो उठला आणि कोपऱ्यात पाणी प्यायला गेला.

आजोबा त्याच्या कीबोर्डवर झुकले. खाली न बघता त्यांची दहाही बोटं सरसर धावली आणि पडदा पूर्ववत झाला. मग त्यांनी आपल्या बटणावरची चिकटपट्टी नखाने अलगद सोडवली, जपून शर्टाच्या खिशात ठेवली आणि ड्रायव्हर परत येताना दिसताच एक बोट हवेत उगारलं.

"अहो ड्रायव्हरसाहेब, हा 'क' कुठे लपलाय हो?"