आतून दोन हात

"अहो, चहा सांडलाय. थर्मासचं झाकण मीच नीट लावलं नसणार," ओल्या गादीवरचा तांबूस डाग बघून शैला ओशाळली. "तुम्ही एवढ्या हौसेने गाडीमागे जोडायचा हा झोपायचा ट्रेलर घरी बनवलात, आणि पहिल्याच सहलीला मी हे करून ठेवलं."

दिगंबरला मात्र कळून चुकलं होतं. घाटातलं तांबडं पाणी चाकाने उडवलं होतं आणि ते चाकाला जागा म्हणून ट्रेलरच्या आत उचलून घेतलेल्या पेटीच्या फटीतून आत शिरलं होतं. पेटीला आतून त्याने वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले होते, गच्चीची गळती तपासतात तसं पेटीभोवती पाणी तुंबवून शैलाला दाखवलंही होतं. चाकाच्या बाजूने मात्र एकही हात दिला नव्हता. ट्रेलरखाली उताणं पडायचा कंटाळा. तिथे वाकून कोण बघतंय?

"असू दे. होतं एखाद्या वेळी," तो मोठ्या मनाने म्हणाला.

उरलासुरला चहा ओतायला शैलाने थर्मास उघडला. चहा गळ्यापर्यंत होता. तिने एकदा थर्मासात पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि कप भरून पुढे धरला.

दिगंबरचा हात पुढे होईना. चिखलातच उताणा होऊन तो ट्रेलरखाली सरकला. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.