मावशीबरोबर

पासपोर्ट तपासणाऱ्या बाई विचारत होत्या मुलीला, आणि उत्तरं देत होती मावशी.

"अहो, मी हिला विचारतेय."

"लाजाळू आहे हो पोर. हॉटेलात कामाला चाललीय, पहिलीच खेप."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. संशय आला तर मुलीशी एकटीशी बोला, असं नवा कायदाच सांगत होता. त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"मावशीचं नाव काय गं?"

"माहीत नाही. परवाच भेटली."

बाई तशाच बाहेर धावल्या. एव्हाना मावशीने पोबारा केला असणार, याची त्यांना खात्रीच होती. पण ती बाकावर बसून होती. बाईंमागून आलेल्या पोलीस शिपायाला बघून तिने स्वतःच हात पुढे केले.

"पळाली नाहीस?"

"कुठे पळू? मीही सतरा वर्षांची असताना अशाच एका मावशीबरोबर निघाले होते. तेव्हा या खिडकीत तुम्हीच होतात, बाई. हसून म्हणालात, 'गर्दी आहे, मावशीचा हात सोडू नकोस हं.'"