कुंडीतला खोकला

आमच्या प्रयोगशाळेतल्या कुंडीत एका औषधी जातीचं जगातलं शेवटचं रोप होतं. त्याच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरत. पानं खुडायचं काम माझं.

पहिलं पान खुडलं आणि कुंडी खोकली. बारीक, दोनदा. हुबेहूब माझ्या धाकट्या बहिणीसारखी. तिच्या फुप्फुसात कॅन्सर आहे. तो खोकला मी रोज भिंतीपलीकडून ऐकायचे.

त्या संध्याकाळी धाकटी खोकली नाही. अर्काचा थेंबही तिच्या पोटात गेला नव्हता.

मग हेच चाललं. पान खुडलं की कुंडी खोकायची, आणि घरी धाकटी सुधारायची. तिच्या गालांवर तजेला आला. बोलायची मात्र थांबली. दिवसभर खिडकीत बसते, उन्हाकडे तोंड करून, आणि घटाघटा पाणी पिते. मला ओळखते की नाही, देव जाणे.

तिच्या कालच्या रिपोर्टात कॅन्सरचा एकच ठिपका उरला होता.

आज पानं संपली. साहेब म्हणाले, "आता मूळच काढा."

मी खोड धरलं.

"बाई, उपटताय की गोंजारताय?" साहेब हसले.

"ताई," कुंडीतून आवाज आला, "हळू गं. दुखतं."

मी हळूच उपटलं.