उभं वल्हं

नदीच्या खवळलेल्या टप्प्यातून कयाक उतरवताना आमचा नियम साधा आहे. पहिला खाली जातो, रस्ता मोकळा आहे का ते बघतो आणि मागच्याला खूण करतो. वल्हं उभं धरलं म्हणजे 'ये', आडवं धरलं म्हणजे 'थांब'. हा नियम दादानेच मला ओरडून ओरडून शिकवलाय. आज पहिला तोच गेला, तेही "भीती वाटत असेल तर काठाकाठाने चालत या, राणीसरकार" असा टोमणा मारून.

मी वर धुमसत बसले होते. खालच्या मोठ्या खडकामागून त्याच्या वल्ह्याचं पिवळं टोक उभं दिसलं, तशी मी कयाक सोडली. वळण घेते तर समोर अख्खं झाड आडवं पडलेलं! कयाक पालथी झाली, गुडघे सोलून निघाले आणि पोटभर पाणी गिळून मी कशीबशी काठाला लागले.

"डोळे फुटले होते का तुझे?" दगडांवरून धडपडत मी ओरडत निघाले. "एवढं मोठं झाड दिसलं नाही? मला मारायलाच बोलावलंस ना? आईला सांगणार आहे मी, सगळं सांगणार! आता का दातखीळ बसली? बोल ना!"

शिव्या देतच मी खडकाला वळसा घातला.



वल्हं दोन दगडांच्या फटीत अडकून उभं होतं. धरणारं कोणीच नव्हतं.